मदत हवी आहे: रोज कागल एमआयडीसी, महिना १२०० किमी. पेट्रोल घेऊ की इलेक्ट्रिक?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या राजारामपुरी ते कागल पंचतारांकित एमआयडीसी असं रोजचं जाणं-येणं आहे. गावातलं फिरणं धरून महिन्याला १२०० किमी होतात. वर्षातून काही वेळा गगनबावड्यावरून कोकणात जाणं होतं. स्वतःचं घर आहे, गाडी खाली अंगणात उभी राहते. घरचा वीजवापर महिन्याला १८० युनिट. बिलाच्या रकमेला युनिटने भागलं की १० रुपये युनिट पडतं.

पेट्रोल हॅचबॅक आणि त्याच आकाराची इलेक्ट्रिक यांच्या ऑन रोड किमतीत अडीच लाखांचा फरक सांगितलाय. १०० किमीला १३ युनिट धरले तर इलेक्ट्रिकला किलोमीटरला १ रुपया ३० पैसे येतात. हा हिशेब बरोबर आहे का? घरच्या वायरिंगमध्ये काय बदलावं लागेल तेही सांगा.

मीटरवाला

हिशेबात दोन ठिकाणी गळती आहे.

पहिली, १३ युनिट हे गाडीच्या पडद्यावरचे. मीटर त्याहून जास्त फिरतो, कारण घरातल्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर होताना आणि बॅटरी भरताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. १०० किमीला मीटरवरचे १५ युनिट धरा. १२०० किमीला १८० युनिट.

दुसरी मोठी. बिलाची सरासरी इथे चालत नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. तुमचे १८० घरातच खर्च झालेत, म्हणजे गाडीचा पहिला युनिटच १८१ वा. गाडीचे १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसतील, उरलेले ६० तिसऱ्यात. स्वस्तातले पहिले १०० गाडीच्या वाट्याला येतच नाहीत. वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) मिळून दुसऱ्या टप्प्याला ११ रुपये, तिसऱ्याला १४ रुपये धरू. नेमके दर ताज्या बिलाच्या मागे छापलेले असतात, त्यात इंधन समायोजन आकार असेल तर तोही मिळवा.

१२० × ११ = १३२०, ६० × १४ = ८४०, एकूण २१६०. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले साधारण २५०० रुपये, किलोमीटरला २ रुपये १० पैसे.

पेट्रोल १०५ रुपये आणि प्रत्यक्ष मायलेज १७ धरलं तर १२०० किमीला ७० लिटरच्या वर, म्हणजे ७४०० रुपये. किलोमीटरला ६ रुपये २० पैसे. महिन्याला ४९०० वाचतात. उन्हाळ्यात घरात एअर कंडिशनर लागला की गाडीचे आणखी युनिट तिसऱ्या टप्प्यात सरकतात, तेव्हा बचत थोडी उतरते.

घरी सोय नसेल तर चित्र बदलतं. सार्वजनिक डीसी (जलद) चार्जरला २० रुपये युनिट दर असला तरी वर १८ टक्के जीएसटी आहे. किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या पुढे जातं.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर गाडीबरोबरच करा. ३ किलोवॅटला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार अनुदान आहे. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला ३६० होतात, म्हणजे घर आणि गाडी दोन्ही त्यात बसतात. नेट मीटरिंगमध्ये (पॅनलची वीज वापरातून वजा होते) सगळ्यात महागडे युनिट आधी कमी होतात, म्हणून गाडीवाल्याचे पॅनल लवकर वसूल होतात. पावसाळ्यात आपल्याकडे निर्मिती खूप खाली येते, ती तूट उन्हाळ्यात जमा झालेल्या युनिटांतून भरून निघते.

हिशेबनीस

वरचे ४९०० बरोबर, पण अडीच लाख कुठून येणार? कर्जातून येणार असतील तर ९ टक्क्यांनी ५ वर्षांचा हप्ता लाखाला २०७६ पडतो, अडीच लाखांना ५१९०. म्हणजे पाच वर्षं इंधनाची बचत जवळजवळ पूर्ण हप्त्यात जाणार आणि फायदा सहाव्या वर्षापासून दिसणार. फरकाची रक्कम रोख भरणार असाल तर साडेचार वर्षांच्या आत वसूल. महिन्याला ७००-८०० किमीच असते तर मी पेट्रोलच घ्या म्हटलं असतं. १२०० ला इलेक्ट्रिक घ्यावी, पण गाडी आठ वर्षं ठेवायची तयारी हवी. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी असते. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या.

आयकरातली ८०ईईबी कलमाची, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरची व्याजसवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. कुणी अजून सांगत असेल तर ती हिशेबात धरू नका. विम्यात थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता कमी आहे (३० ते ६५ किलोवॅट मोटरला २९०४, १००० ते १५०० सीसी पेट्रोलला ३४१६), पण गाडीची किंमत जास्त असल्याने ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता वाढतो आणि तो फरक खाऊन टाकतो. बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्याच. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण जाणतो. बॅटरीला आयपी६७ (पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा) असलं तरी ते एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतं, दोन दिवस बुडून राहण्यासाठी नाही. गाडी पाण्यात सापडलीच तर बटण दाबू नका, चार्जरही लावू नका. सपाट ट्रॉलीवर चढवूनच सर्व्हिस सेंटरला न्या.

देखभालीत ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग हे सगळं जातं. ब्रेक पॅड जास्त टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण वजन आणि टॉर्क (चाकाला मिळणारा जोर) दोन्ही जास्त. १२ व्होल्टची छोटी बॅटरी इलेक्ट्रिकमध्येही असते, ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

कोकणासाठी एक: गगनबावड्याला १०० टक्के भरून पोचू नका. भरलेली बॅटरी रीजन (उतारावर मोटरने परत तयार केलेली वीज) घेत नाही, मग करूळ घाट नुसत्या ब्रेकवर उतरावा लागतो. परतीच्या चढाला सपाटीपेक्षा दुपटीहून जास्त वीज लागते, ती हातात ठेवूनच खालून निघा.

वायरमन_उद्यमनगर

१५ अँपियरच्या चार्जरने रात्रीत तुमचे ४५ किमी आरामात भरतील, ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सची (भिंतीवरच्या मोठ्या चार्जरची) गरज नाही. पण गिझर अर्धा तास चालतो आणि हा चार्जर तीन तास सलग ओढतो. त्यामुळे जुन्या सॉकेटचा स्क्रू थोडा जरी सैल असला तरी पिन काळी पडते, मग प्लास्टिक वितळतं. मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपियरचा ३० मिलीअँपियर आरसीबीओ (जादा भार किंवा गळती झाली की वीज तोडणारा स्विच), चांगल्या कंपनीचं नवं १६ अँपियर सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. बिलावर मंजूर भार पाहा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

आणि गाडी बुक करायच्या आधी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार. आज मोजून घेतलं, १४ व्होल्ट येतंय. अर्थिंगचा खड्डा नवीन करावा लागेल का?

वायरमन_उद्यमनगर

लगेच खणू नका. घरातलं सगळं बंद करून मोजा, मग गिझर लावून मोजा. बंद असताना २ आणि गिझरला १४ झालं तर दोष न्यूट्रलचा: मीटरपाशी किंवा पोलवर जोड सैल आहे. पोलवरचं काम महावितरणच्या माणसानेच करायचं, तक्रार नोंदवा. बंद असतानाही १४ च राहिलं तर अर्थिंग तुटलंय किंवा खड्डा कोरडा पडलाय. आधी अर्थिंगच्या पट्टीचा जोड साफ करून घट्ट करा आणि खड्ड्यात पाणी सोडून पुन्हा मोजा. तरी उतरलं नाही तरच नवा खड्डा. त्यात तांब्याचा इलेक्ट्रोड बसवा आणि अर्थ टेस्टरने ५ ओहमच्या आत आल्याशिवाय पैसे देऊ नका.