'यस्यामतं तस्य मतं', मग प्रश्न विचारायचेच नाहीत का?

पायवाट:
केनोपनिषदातल्या या मंत्राबद्दल जाणकारांचं मत हवंय.

यस्यामतं तस्य मतं मतं यस्य न वेद सः ।
अविज्ञातं विजानतां विज्ञातमविजानताम् ॥

म्हणजे ढोबळमानाने, ज्याला वाटतं मला कळलेलं नाही त्याला कळलंय, आणि ज्याला वाटतं कळलं त्याला काहीच कळलेलं नाही. आमचा छोटासा वाचनाचा ग्रुप आहे, तिथे कुणी जरा खोलात जाऊन काही विचारलं, म्हणजे समजा ब्रह्म जर सगळीकडे आहे तर मग अज्ञान नक्की होतं तरी कोणाला, की लगेच हा मंत्र पुढे येतो, 'हे बुद्धीच्या पलीकडचं आहे' आणि विषय संपला. मला हे फार खटकतं. बुद्धी तिथे पोचतच नसेल तर उपनिषदात एवढे संवाद आलेच कशाला? आणि दुसरं म्हणजे ज्याने आयुष्यात कधी याचा विचारच केला नाही तोही 'न जाणणारा'च ना, मग त्याला आपोआप कळलेलं असतं असं धरायचं का? वादासाठी वाद म्हणून नाही, मनापासून विचारतोय.

कोरापट:
हा मंत्र एकटा उचलला की असा घोळ होतो. दुसरा खंड पहिल्यापासून वाचा. आधी गुरु म्हणतात 'यदि मन्यसे सुवेदेति दभ्रमेवापि', तुला छान कळलंय असं वाटत असेल तर तुला थोडंसंच कळलंय. इथवर सगळे कोट करतात, पण त्याच मंत्राच्या शेवटी 'मीमांस्यमेव ते' आहे, म्हणजे तुला अजून विचार करायलाच हवा. मर्यादा दाखवून दिल्यावर गुरु शिष्याला गप्प बस म्हणत नाहीत, उलट परत विचाराला बसवतात! मग शिष्य सांगतो 'नाहं मन्ये सुवेदेति नो न वेदेति वेद च', मला नीट कळलं असं मी मानत नाही पण कळलंच नाही असंही नाही. तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो बघा, ज्याने विचारच केला नाही तो यातला पहिला अर्धा भाग म्हणेल एकवेळ, दुसरा कुठून म्हणणार? हे सगळं झाल्यावर तुमचा मंत्र येतो. तो या शिष्याबद्दल आहे, आळशी माणसाबद्दल नाही.

उंबरठा:
कोरापट यांच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

मर्यादा आहे हे खरंच, पण कसली ते बघायला हवं. माणसाची बुद्धी तोकडी आहे, अजून थोडी तल्लख असती तर जमलं असतं, असं उपनिषद म्हणत नाही. शंकराचार्यांच्या नावावर या एकाच उपनिषदाची दोन भाष्यं आहेत, पदभाष्य आणि वाक्यभाष्य. त्यांचा मुद्दा असा की जो जाणतो तोच जाणण्याची वस्तू होऊ शकत नाही, अग्नी जसा स्वतःला जाळू शकत नाही तसं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतात, 'विज्ञातारमरे केन विजानीयात्', जाणणाऱ्याला कशाने जाणणार? म्हणजे 'मला ब्रह्म कळलं' म्हणताना आपण त्याला समोरची एक वस्तू करून टाकतो, गडबड तिथे आहे.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये जो प्रश्न दाबला गेला ना, अज्ञान कोणाला, तो आचार्यांनी स्वतः घेतलाय. गीतेच्या 13व्या अध्यायात 'क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि' या श्लोकाच्या भाष्यात पूर्वपक्षी, म्हणजे समोरून शंका घेणारा, नेमकं हेच विचारतो, ही अविद्या कोणाची? आणि त्याच्याशी पुढे बराच वेळ सवाल जवाब चालतात. आचार्य त्याला बुद्धीपलीकडचं म्हणून घरी पाठवत नाहीत.

तुळशीमाळ:
तुमचा सगळ्यांचा अभ्यास मोठा आहे पण मला वाटतं मंत्राची इतकी चिरफाड करू नये. तो नम्रता शिकवतो. 'देवा मला काही कळत नाही' असं म्हणून हात जोडले की पुरे, बाकी लॉजिकच्या मागे लागलं की अहंकारच वाढतो, पाहिलंय मी.

कोरापट:
तुळशीमाळ, अहंकाराचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर, याच उपनिषदातली यक्षाची गोष्ट त्यावरच आहे. देवांना जय मिळाला आणि तो आपलाच पराक्रम असं त्यांना वाटायला लागलं, तेव्हा ब्रह्म यक्ष होऊन समोर आलं. अग्नीला एक गवताची काडी जाळता आली नाही, वायूला तीच काडी उडवता आली नाही. पण पुढे बघा काय होतं. दोघंही परत येऊन म्हणतात 'नैतदशकं विज्ञातुम्', हे कोण आहे ते मला कळू शकलं नाही. नुसतं 'कळलं नाही' म्हणणं पुरेसं असतं तर तिथेच दोघं ज्ञानी व्हायला हवे होते की! इंद्र गेला तर यक्ष दिसेनासाच झाला, म्हणजे इंद्राच्या हाती त्या दोघांपेक्षाही कमी लागलं, तरी तो मागे फिरला नाही, तिथेच थांबला, आणि त्याच आकाशात त्याला उमा हैमवती भेटली. मला तर हा मंत्र या गोष्टीशिवाय वाचूच नये असं वाटतं. अग्नी आणि इंद्र, दोघांनाही कळलेलं नाही, पण एक परत गेला आणि एक थांबला, सगळा फरक तिथे आहे.

पायवाट:
वा, हे अग्नीचं लक्षातच आलं नव्हतं कधी, मनापासून आभार. पण मग एक शंका राहतेच. उमा आली नसती तर इंद्र नुसताच थांबून राहिला असता ना? म्हणजे तुळशीमाळ म्हणतात तसं शेवटी कृपाच लागते?

उंबरठा:
लागते, ते नाकारायचं कारणच नाही, इंद्राने स्वतःच्या बळावर शोधून काढलं असं उपनिषद कुठेही म्हणत नाही. पण उमा दिसल्यावर तो काय करतो तेही बघा, 'किमेतद्यक्षमिति' असं सरळ विचारतो, हा यक्ष कोण होता? आणि ती 'ब्रह्मेति' असं सरळ उत्तर देते, वर हेही सांगते की तुमचा जय त्याचा होता. ग्रुपमध्ये तिसरा आणि चौथा खंड एकाच बैठकीत वाचा, दोन्ही छोटे आहेत. इंद्राचा प्रश्न तिसऱ्याच्या अगदी शेवटी आहे आणि उत्तर चौथ्याच्या पहिल्याच ओळीत, त्यामुळे मधे थांबलात तर प्रश्न तेवढा वाचून होतो आणि उत्तर पुढच्या वेळेवर राहतं.