शर्यत रद्द झाली, टेपर (शर्यतीआधी पळणं कमी करत नेणं) सुरू होता. पुढचे दोन महिने कसे लावू?

लांबपल्ला (नाशिक)
डिसेंबरातली फुल मॅरेथॉन आयोजकांनी १८ दिवस आधी रद्द केली. १६ आठवड्यांचा प्लॅन संपत आलाय, ३२ किमीचा लाँग रन झालाय, लक्ष्य ३ तास ५५ मिनिटांचं आहे. नोंदणीचे पैसे पुढच्या वर्षावर गेले, त्याबद्दल विचारायचं नाही. पण आता पहाटे पावणेपाचचा गजर कशासाठी लावायचा? दुसरी शर्यत शोधू, एकट्याने ४२ पळू, की सरळ विश्रांती? नुसतं "सकारात्मक राहा" नको, आकडे देऊन सांगा.

घाटवाट
तीन दिवसांच्या आत ठरवा. टेपरमुळे येणारा ताजेपणा दोन-तीन आठवडे टिकतो. त्यापुढे कमी पळण्याचा फायदा संपतो आणि कमावलेलं उतरायला लागतं.

४ ते ६ आठवड्यांत दुसरी शर्यत मिळत असेल तर डोळे झाकून ती घ्या. पहिला आठवडा एरवीच्या निम्मं अंतर, सगळं सोप्या पेसने. पुढचे एक ते तीन आठवडे (शर्यत किती लांब आहे त्यावर) नेहमीच्या ८० टक्के. त्यात मोठा रन एकच: २६ किमी, शेवटचे १० लक्ष्याच्या पेसने, म्हणजे किमीला ५:३४ मिनिटं. मग पुन्हा दोन आठवड्यांचा टेपर. ३२ किमी परत करायचा नाही. घात होतो तो इथेच. हातात वेळ आला म्हणून लोक सर्वांत जड आठवडे पुन्हा लावतात, आणि नडगी नाहीतर टाचेमागची शीर धरते.

शर्यत मार्चात किंवा त्यापुढे असेल तर ही तयारी तिथवर ओढू नका, ती टिकणार नाही. मुंबई मॅरेथॉन २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षं झाली नाही, थेट १५ जानेवारी २०२३ ला परतली. तारखेचा पत्ता नसताना मॅरेथॉनचा प्लॅन चालू ठेवणं शरीराला झेपत नाही आणि मनाला तर त्याहून नाही.

पहाटपळ
माझं मत: ठरलेल्या तारखेलाच पळा. २०१२ मध्ये सँडी वादळामुळे न्यूयॉर्क मॅरेथॉन दोन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा त्या रविवारी कितीतरी जण सेंट्रल पार्कात फेऱ्या मारून ४२ पळले, आणि काही जण मदतीचं सामान पाठीवर घेऊन स्टेटन आयलंडवर गेले. केलेली मेहनत कुठेतरी उतरवायला जागा लागते.

पण एकट्याचं ४२ नीट बांधावं लागतं. ५.२७५ किमीची एक फेरी शोधा, ८ फेऱ्यांत ४२.२ होतात. तुमच्या पेसने एक फेरी जवळजवळ साडेएकोणतीस मिनिटांची. एका जागी टेबल, त्यावर आठ छोट्या बाटल्या, फेरीगणिक २५० ते ३०० मिली. पहिल्या सात फेऱ्यांच्या शेवटी प्रत्येकी एक जेल (पळताना घ्यायचा दाट, गोड पाक, पुडीत मिळतो). २५ ग्रॅम कर्बोदकांचा जेल असेल तर तासाला ५० ग्रॅम पोटात जातात, तेवढं पुरतं. नुसत्या ओआरएसवर विसंबू नका. एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं. मीठ मिळतं, इंधन मिळत नाही.

सुरुवात पहाटे ५ ला, अंगावर रिफ्लेक्टर, रस्त्याच्या उजव्या कडेने म्हणजे समोरची वाहनं दिसतील अशी. पहिल्या दोन फेऱ्या ५:४० ने. गर्दी नसली की पुढचा माणूस अडवत नाही आणि पाय आपोआप पळतात, घड्याळ बघून आवरा. सोबतीला येणाऱ्यांना सहाव्या फेरीला बोलवा, पहिलीला नको. गरज २७ किमीनंतर लागते.

आणि गाडी टेबलापासून लांब लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. फेरीच्या मार्गात दर अर्ध्या तासाला घरी जायची संधी समोर येते, बहुतेक जण सहाव्या फेरीला तिथेच थांबतात.

ट्रॅकवेडी
पहाटपळ यांच्याशी अर्धीच सहमत. ४२ एकट्याने पळायचं तर त्यानंतर तीन आठवडे झीज भरून काढायला धरायचे. मेडलही नाही, अधिकृत वेळही नाही, मग एवढी किंमत कशासाठी? हे ज्याला मनापासून पटत नाही त्याने पळू नये. त्यापेक्षा आठ आठवडे ५ किमीला द्या. मॅरेथॉनच्या तयारीत जो वेग मागे पडतो तोच परत येतो, आणि चार आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. माणूस पहाटे उठतो तो फरक दिसला की.

आधी आठवडाभर मोकळे पाय. मग एकूण अंतर ६० टक्क्यांवर आणा, पण वेगवान दिवस सोडू नका. अंतर कमी केलं तरी क्षमता बरीच टिकते, तीव्रता सोडली की झपाट्याने जाते. लोक नेमकं उलटं करतात, रोज एकाच रटाळ पेसने १० किमी.

मंगळवार: ६ × ८०० मीटर, आत्ताच्या ५ किमीच्या पेसने, मध्ये अडीच मिनिटं हळू जॉग. शेवटचा ८०० पहिल्यापेक्षा ५ सेकंदांहून जास्त उशिरा आला तर सुरुवात जोरात झाली. गुरुवार: पायरीवर एका पायाने टाच उचलणं ३ × १२, तीन सेकंद घेत खाली. रविवार: ९० मिनिटं, बोलता येईल असं. बाकी दोन दिवस ४० मिनिटं.

दर चौथ्या आठवड्यात टाइम ट्रायल, म्हणजे वेळ लावून ५ किमी: ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या. तीच वेळ, तेच बूट, आदल्या दिवशी विश्रांती. डिसेंबरच्या पहाटेची वेळ मार्चच्या सकाळी आठशी ताडू नका, उन्हाने वेळ वाढते आणि उगाच मन खचतं.

सकाळची नाडी सलग चार-पाच दिवस नेहमीपेक्षा ७-८ ने वर आणि झोपही तुटक असेल, तर तो आळस नाही. आठवडाभर फक्त चाला.

लांबपल्ला (नाशिक)
१८ दिवसांनी ४२ पळायचं ठरवतोय, नंतर ५ किमीचा प्लॅन. दोन शंका. जेलने पोट बिघडतं, पर्याय? आणि ही वेळ पुढे कुठे चालेल का?

पहाटपळ
जेल साध्या पाण्याबरोबरच घ्यायचा. सरबतावर जेल घेतला की पोटात साखर फार दाट होते आणि मळमळतं. नाहीतर घरचं पाणी: ५०० मिलीत ३० ग्रॅम साखर (साडेसात सपाट चहाचे चमचे), चमच्याचा आठवा भाग मीठ, अर्धं लिंबू. तेवढं तासाला संपवा, सोबत बिया काढलेला खजूर. या रविवारच्या १६ किमीला करून बघा, नवीन काही त्या दिवशी तोंडात नको.

घाटवाट
वेळ चालणार नाही. बॉस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेला प्रमाणित मार्गावरची शर्यत लागते, मुंबईच्या फुललाही टाइमिंग सर्टिफिकेट मागतात. शिवाय शर्यतीचा मार्ग सायकलने मोजतात आणि कमी भरू नये म्हणून दर किमीला एक मीटर जास्त धरतात. घड्याळाचं जीपीएस झाडीत आणि इमारतींमध्ये चुकतं. म्हणून फेरी आधी दोनतीनदा मोजून सरासरी घ्या, आणि त्या दिवशी घड्याळाच्या किलोमीटरऐवजी टेबलापाशी फेऱ्या मोजा, दर फेरीला लॅपचं बटण दाबून.