कमी रिझोल्यूशनच्या छायाचित्रावरून निसर्गचित्र: डोंगर रंगवावा की चौकोन?

घाटवाट: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे एक छायाचित्र जुन्या मोबाइलमधून बचावले आहे, ६४० × ४८० पिक्सेलचे. ते मोठे करून पाहिले की कड्याच्या कडेला मळकट ठिपक्यांची झालर दिसते आणि आकाशाचे चौकोनी तुकडे पडतात. त्यावरून ८० × ६० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर तैलरंगात निसर्गचित्र करण्याचा विचार आहे. हरवलेला तपशील आठवणीने भरावा, की दिसते तसेच रंगवावे? दुसरा मार्ग धरल्यास चित्र म्हणजे नुसती चौकड होईल, अशी धास्ती वाटते.

तैलरंगी: तपशील आठवणीनेच भरायचा असेल, तर या छायाचित्राची गरज उरत नाही. ब्रिटिश चित्रकार डॅन हेज यांची कोलोरॅडोची निसर्गचित्रे अवश्य पाहावीत. इंटरनेटवरील हलक्या प्रतीच्या प्रतिमांवरून त्यांनी ती तैलरंगात केली आणि प्रतिमेतील बिघाड दुरुस्त न करता त्यालाच रंगाचा विषय केले. जर्मनीच्या थॉमस रुफ यांनीही ‘जेपेग्ज’ या मालिकेत अशाच प्रतिमा प्रचंड आकारात छापल्या. पण ती छायाचित्रे असल्याने त्यांचा पृष्ठभाग सपाटच राहतो. रंगाच्या थराची जाडी हा तुमचा फायदा आहे, तो सोडू नये.

जुनी_फाइल: चौकड होण्याची भीती चौकोन सरसकट सारखे मानल्यामुळे वाटते. जेपेग या छायाचित्रे दाबून साठवण्याच्या पद्धतीत प्रतिमा ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत विभागली जाते. तुमच्या कॅनव्हासवर एक सेंटिमीटरला आठ पिक्सेल येत असल्याने प्रत्येक ठोकळा नेमका एक सेंटिमीटरचा होईल. आकाशातल्या ठोकळ्यात जवळपास एकच छटा उरते. मात्र ज्या ठोकळ्यातून कड्याची धार जाते, त्यात धारेच्या दोन्ही बाजूंना फिकट-गडद लहरी उमटतात, आणि तुम्ही म्हणता ती झालर हीच. शिवाय उजेड-अंधाराच्या मानाने रंगाची माहिती बहुतेक वेळा अधिक ढोबळपणे साठवली जाते, त्यामुळे कड्याचा तांबूस रंग धार ओलांडून आकाशात सांडलेला सापडेल. माझ्या मते चित्र तिथेच आहे. आकाश रुंद चपट्या ब्रशने झटपट उरकावे आणि सगळी चिकाटी त्या एका धारेवर खर्च करावी.

कुंचलेवाला: वरील मताशी सहमत आहे, पण एक भर घालतो. संशोधक लिऑन हार्मन यांनी १९७३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्या चौकोनांत मांडून दाखवला होता. डोळे किलकिले केले की तो चटकन ओळखू येतो, कारण चौकोनांच्या तीक्ष्ण कडाच चेहरा झाकत असतात. म्हणून मास्किंग टेप लावून प्रत्येक कड धारदार करू नये. आकाशातील काही कडा रंग ओला असतानाच एकमेकींत मिसळाव्यात, म्हणजे दुरून डोंगर आणि जवळून ठोकळे, दोन्ही टिकतील.

घाटवाट: मनःपूर्वक आभार. संगणकावर आधी प्रतिमा मोठी करून छापून घेतली तर चालेल का?

जुनी_फाइल: चालेल, परंतु ‘नियरेस्ट नेबर’ हा, प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा मोठा करणारा पर्याय निवडावा. इतर पर्याय कडा गुळगुळीत करतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर तिथे नसलेली झाडेझुडपेसुद्धा उगवून देतात.