लिबरल आर्ट्सचा वाचनगट : किती जण, किती पानं, चर्चा कशी?

शब्दवेध
पुण्यातल्या चार वर्षांच्या लिबरल आर्ट्स अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी वाचनगट सुरू करताहेत. कुणाचा मुख्य विषय अर्थशास्त्र, कुणाचा मानसशास्त्र, कुणाचा साहित्य. पंचवीस नावं आली आहेत. निम्मे मराठी माध्यमातले. असे गट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चार-पाच जणांवर येतात, ते कसं टाळायचं? शिक्षकांना बोलवावं का? क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) मागावं का?

पानोपानी
आधी पंचविसांचे दोन गट करा. दीड तासात बारा जणांना प्रत्येकी सात-साडेसात मिनिटं मिळतात, पंचविसांना त्याच्या निम्मी. मग बोलणारे पाचच उरतात आणि बाकीचे हळूहळू यायचे थांबतात.

विषय ठरवू नका, उतारा ठरवा. ‘जात आणि आधुनिकता’ असं नाव दिलं की न वाचताही बोलता येतं आणि बैठक नुसत्या मतांची होते. उतारा समोर असला की "हे कुठल्या ओळीत आहे?" असं कुणीही कुणालाही विचारू शकतं. गट टिकतो तो या एका प्रश्नावर.

वैचारिक गद्य असेल तर 12-15 पानं, कथा किंवा आत्मचरित्र असेल तर 30 पर्यंत. परिच्छेदांना पेन्सिलीने क्रमांक घाला. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे फोनवरची पीडीएफ असली की पान शोधण्यातच वेळ जातो. आणि एकच जाड पुस्तक दहा आठवडे ओढू नका. एक आठवडा चुकलेला माणूस संकोचाने पुढचाही चुकवतो, गळती तिथून सुरू होते. दर आठवड्याचा मजकूर स्वतंत्र हवा.

90 मिनिटं अशी वाटा : 10 मिनिटं निवडलेलं अर्धं पान मोठ्याने वाचन. 15 मिनिटं फक्त अर्थ; अवघड शब्द, संदर्भ, कोण कोणाला उद्देशून बोलतंय. इथे मत मांडायचं नाही. न वाचता आलेल्यांनाही या पंचवीस मिनिटांत धागा सापडतो, त्यांना परत पाठवू नका. मग 50 मिनिटं दोन प्रश्न. शेवटची 15 टिपण आणि पुढचा सूत्रधार, म्हणजे पुढची चर्चा चालवणारा, ठरवण्यासाठी.

प्रश्न आदल्या रात्री पाठवा. "लेखकाचं पटतं का?" हा प्रश्न तीन मिनिटांत संपतो. "तिसऱ्या परिच्छेदातला ‘आपण’ कोण, आणि शेवटच्या परिच्छेदात तोच आहे का?" हा अर्धा तास पुरतो, कारण उत्तरासाठी पुन्हा मजकुराकडे जावं लागतं. प्रश्न टाकल्यावर मनात पंधरापर्यंत मोजा. सूत्रधाराने घाईने स्वतःच उत्तर दिलं, की पुढच्या वेळी सगळे त्याच्याच उत्तराची वाट बघतात. शांतता फारच लांबली तर दोन मिनिटं प्रत्येकाला लिहायला द्या, मग वाचून दाखवू द्या. लाजऱ्या मुलांना याने फार आधार मिळतो.

टिपणवही
भाषेचं : बोलताना ज्याला जी जमेल ती, पण ओळ उद्धृत करायची ती मजकुराच्या भाषेत. एक सामायिक वही ठेवा, त्यात अडलेले शब्द. ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ दोन्हींना आपण ‘स्वातंत्र्य’च म्हणतो; उलट ‘सेक्युलर’ला ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणायचं की ‘इहवादी’, यावर अख्खी बैठक होऊ शकते. इथे मराठी माध्यमातली मुलं पुढे असतात, हे बाकीच्यांना दिसायला हवं.

सुरुवातीला ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घ्या. 1882 साली पुण्यात छापलेलं, आकाराने छोटं. वाक्यं लांब, पण बोलीचा ठसका मोठ्याने वाचल्यावर बरोबर कळतो. मात्र सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा 1881 चा बालहत्येचा खटला आधी पाच मिनिटं सांगा; पुस्तक त्यावरूनच लिहिलं गेलं. नाहीतर लेखिकेचा राग नेमका कुणावर आहे ते निसटतं.

डेक्कनकर
15 तासांच्या अध्यापनाला 1 क्रेडिट हा हिशेब धरला, तर दीड तासाच्या दहा बैठका बरोबर एक क्रेडिट होतात. विभाग मान्य करेलही, तरी पहिल्या सत्रात मागू नका. हजेरीपत्रक आलं की मुलं हजेरीसाठी येतात, आणि वाचून आलेल्यांचाही हुरूप जातो.

शिक्षक चौथ्या बैठकीला एकदा, तेही उत्तरार्धात. सुरुवातीपासून बसले की सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळतात.

सत्र परीक्षांचा आठवडा आणि गणेशोत्सव आधीच वगळून तारखा लावा. एक-दोन बैठका कॅम्पसबाहेर न्या : भांडारकर संस्था (1917), गोखले अर्थशास्त्र संस्था (1930), सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (1910). आधी फोन करा, विभागाचं पत्र आणि ओळखपत्रं जवळ ठेवा. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला सगळे मिळून जा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ही परंपरा आपल्याच शहरात आहे. व्याख्यान संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबून बोला. घरी जाऊन ग्रुपवर लिहिण्यात ती धार राहत नाही.

शब्दवेध
मनापासून आभार. दोन गट करतोय. उतारा कुणी निवडायचा? मतदान घेतलं तर साहित्यवाले जास्त आहेत.

पानोपानी
मतदान नको, पाळी लावा : एक आठवडा अर्थशास्त्र, एक मानसशास्त्र, एक साहित्य. ज्याची पाळी त्याने दोन उतारे आणायचे, दोन्हींचं पहिलं पान मोठ्याने वाचायचं. निवड मात्र बाकीच्या दोन विषयांच्या मुलांनी करायची.