पगार वाढला आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) बंद होतंय, आता कंपनीच्या मेडिक्लेमवर राहू का?

कुपवाडकर:
मंडळी सल्ला पाहिजे. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, सहा वर्षं झाली. जुलैपासनं पगार २०,५०० चा २२,००० झाला, पेढे वाटले आणि मग एचआर म्हणतो २१ हजाराच्या वर गेलास, ईएसआय बंद, आता ग्रुप मेडिक्लेम, ३ लाखाचा, आईवडील धरून. वडलांना बारा वर्षं शुगर आहे तरी पहिल्या दिवसापासनं कव्हर म्हणे, आपण एक रुपया भरायचा नाही. मग स्वतःची वेगळी पॉलिसी काढायची गरज आहे का? बायको म्हणते काढा, मित्र म्हणतात कशाला घालवतोस पैसे.

मिरजेचा_जावई:
काढ बाबा. मी राजीनामा टाकला, दुसरीकडं जॉइन व्हायला १९ दिवस मधे होते, तेवढ्यात वडलांच्या छातीत दुखायला लागलं. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड नंबर टाकला आणि गप स्क्रीनच माझ्याकडं फिरवली, पॉलिसी इनॅक्टिव्ह. शेवटच्या दिवशीच नाव कमी केलेलं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून स्टेंट बसवली.

फिटर_सातारा:
पहिलं म्हणजे ईएसआय असं लगेच जात नाही दादा. एप्रिल ते सप्टेंबर असा एक टप्पा असतो, मधेच पगार वाढला तरी सप्टेंबरपर्यंत कापावंच लागतं, पाऊण टक्का तुझा, सव्वातीन कंपनीचा, आणि त्या जोरावर पुढच्या जानेवारी ते जून दवाखाना चालू राहतो. लोक नावं ठेवतात, रांग, शिक्के, रेफरची चिठ्ठी, सगळं खरंय, पण तिथं ३ लाखाचं कुंपण नाही.

एचआरवाली_ताई:
मी पण एचआरच, शिव्या घालू नका 😀 ग्रुप पॉलिसी दरवर्षी रिन्यू होते, प्रीमियम वाढला की बऱ्याचदा पहिली कात्री आईवडिलांवर. तोंडी बोलण्यावर राहू नको, पॉलिसीची कॉपी माग, रूम रेंटची मर्यादा आणि को-पे (बिलातला आपला हिस्सा) बघ. स्वतःच्या पॉलिसीत शुगरला वेटिंग लागतं, म्हणजे तेवढे दिवस त्याचा क्लेम मिळत नाही, जास्तीत जास्त ३ वर्षं, ते कंपनीचं कव्हर आहे तोवरच संपवून घे. आणि नोकरी सोडायच्या आधीच त्याच इन्शुरन्स कंपनीत वैयक्तिक पॉलिसीवर जायचा अर्ज टाकता येतो, झालेलं वेटिंग धरतात. एजंट काही म्हणू दे, शुगर लपवू नको, क्लेमच्या वेळी तेच काढतात.

कुपवाडकर:
ताई रेशन कार्ड केशरी आहे, महात्मा फुले योजनेत बसतंय का?

एचआरवाली_ताई:
बसतं की, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. पण योजनेतलाच दवाखाना आणि यादीतलेच उपचार. कार्डावर वडलांचं नाव बरोबर आहे का ते आजच बघ, ॲडमिट झाल्यावर नको.

कुपवाडकर:
कॉपी मिळाली. तीनदा मागितल्यावर. आईवडिलांना २५ टक्के को-पे आहे, म्हणजे लाखाच्या बिलाला २५ हजार माझेच. एचआर म्हणतो ते छोट्या अक्षरात होतं, माझ्या नजरेतनं सुटलं. सप्टेंबरचं पण सांगितलं त्याला, विचारून सांगतो म्हणालाय. पेढे त्याला दोन दिले होते.