बाबांना पॅरिसचं लूव्र म्युझियम दाखवायचंय, टूरवाले नुसता फोटो स्टॉप देतायत. काय करू?

सातारी_कंदी:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पॅरिस ४ दिवस आणि अ‍ॅमस्टरडॅम २ दिवस असं ठरतंय. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते, आयुष्यभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं पण स्वतः मात्र रेम्ब्रांट काय नि मोने काय, सगळं कॅलेंडरवर नाहीतर पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रात बघितलेलं. एका टूर कंपनीचा प्लॅन आला त्यात लूव्र म्हणजे दारातल्या काचेच्या पिरॅमिडसमोर २० मिनिटं फोटो, आत जायचंच नाही! म्हणून आपलं आपणच जाऊ म्हणतोय. अडचण अशी की आईचा गुडघा दुखतो आणि तिला चित्रांत काडीचा इंटरेस्ट नाही. धाकटी बहीण जर्मनीत एमएस करतेय, ती तिकडून येईल. लूव्रला किती वेळ ठेवू?

भटकभवानी:
आधी वार बघा हो! लूव्र मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से म्युझियम सोमवारी बंद. आम्ही शहाण्यासारखे मंगळवारी जाऊन दार बघून आलो होतो. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री ९ पर्यंत उघडं असतं, संध्याकाळी ५ नंतरचा स्लॉट घ्या, गर्दी जरा ओसरलेली असते. तिकीट ऑनलाइनच काढा. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो केलंय, आधी २२ होतं, त्यामुळे "जरा डोकावून येऊ" हे परवडत नाही. बहीण २६ च्या आतली असेल आणि तिच्याकडे तिथलं रेसिडेन्स परमिट असेल तर ती फुकट. आईंसाठी व्हीलचेअर आतच मिळते, पैसे नाहीत, फक्त ओळखपत्र ठेवून घेतात.
तीन तास बास. त्याच्यापुढे सगळी चित्रं एकसारखीच दिसायला लागतात, खरं सांगते.

खवचट_काका:
मोनालिसा बघून बाबांचा हिरमोड होणार हे आत्ताच सांगून ठेवा. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, पुढे काच, आणि तुमच्या पुढे दोनशे मोबाईल. १९११ साली ती चोरीला गेली तेव्हा लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावायचे, आताही तसंच समजा :) पण तिथेच पाठ फिरवून उभं राहायचं. समोरच्या भिंतीवर वेरोनेसेचं बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, १५६३ चं, जवळजवळ १० मीटर रुंद, आपल्याकडच्या मोठ्या लग्नाची पंगत बसलीय असं वाटतं, वाजंत्री आहेत, कुत्री पण आहेत. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, सगळ्यांची त्याला पाठ. आणि व्हर्मिअरची लेस विणणारी बाई शोधा, ते चित्र वहीच्या पानापेक्षा लहान आहे. ड्रॉइंग मास्तर तिथून हलणार नाहीत, लिहून देतो.

कॉफी_आणि_कॅनव्हास:
काकांना अनुमोदन, पण माझ्या मते आईंना खरं आवडेल ते ओर्से. मुळात ते रेल्वे स्टेशन, १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, १९८६ ला म्युझियम झालं. ते भलंमोठं घड्याळ आणि काचेचं छत, चित्र न बघता पण माणूस खूश होतो. लिफ्टने डायरेक्ट पाचव्या मजल्यावर जा, मोने, रेन्वा, देगा सगळे तिथे. एक गंमत म्हणजे लोक तिथे व्हॅन गॉगची गरगरणाऱ्या आकाशाची रात्र शोधत फिरतात, ती न्यूयॉर्कला आहे, इथे आहे ती ऱ्होन नदीवरची रात्र, १८८८ ची. मला तर हीच जास्त आवडते, शांत आहे.
मोनेची कमळं पॅरिसमधल्याच ओरांजेरी म्युझियममध्ये. दोन अंडाकृती खोल्या, भिंतभर आठ चित्रं, मधोमध बसायला जागा. आईंचा गुडघा + बाबांची कमळं, दोन्ही सुटतं. हे पण मंगळवारी बंद हां.
आणि बाबांना चित्रकार रझा आवडत असतील तर, ते मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमधून शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेले ना, तिथल्या पाँपिदू म्युझियममध्ये २०२३ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, मी नेमकी तेव्हा गेले होते. आता ती बिल्डिंग कामासाठी २०३० पर्यंत बंद आहे.

भटकभवानी:
अ‍ॅमस्टरडॅम राहिलंच की. व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट खिडकीवर मिळत नाही, वेळेचा स्लॉट आधी ऑनलाइन घ्यायचा, आणि आम्ही गेलो तेव्हा आत चित्रांचे फोटो काढू देत नव्हते (मला हे फार आवडलं, लोक चक्क चित्र बघतात). राइक्सम्युझियम वर्षभर रोज उघडं. तिथे रेम्ब्रांटचं नाइट वॉच हे चित्र, १६४२ चं, १७१५ मध्ये टाउन हॉलच्या भिंतीत मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलेलं! बाबांना हे पण सांगा की रेम्ब्रांटने आपली मुघल चित्रं बघून शहाजहान-जहांगीरची रेखाटनं केली होती.

सातारी_कंदी:
सगळ्यांचे खूप खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, कापलं म्हटल्यावर इतके चिडले की जसं काय मीच कापलंय. शुक्रवार संध्याकाळ लूव्र, नंतर ओर्से आणि ओरांजेरी असं फिक्स केलं. आई म्हणाली घड्याळ बघीन आणि कॉफी पिईन. बाबांचा एकच प्रश्न, आत बसून स्केच करू देतात का?

कॉफी_आणि_कॅनव्हास:
लूव्रमध्ये पेन्सिलने खुशाल करा, रंग नाही चालत. राइक्सने तर २०१५ मध्ये कॅमेरा ठेवा आणि चित्र काढा अशी मोहीमच काढली होती.

सातारी_कंदी:
झालं, आता विचारतायत टूबी पेन्सिल तिथे मिळेल का.

खवचट_काका:
इथूनच डझनभर न्या म्हणावं. तिथे एका पेन्सिलीत आपली मिसळ येते.