आजोबांच्या ट्रंकेत महार पलटणीचे दोन बिल्ले सापडले. खरा कोणता?

नायगावची_नात
सर्वांना जय भीम. आमची नायगावची बीडीडी चाळ पुनर्विकासात जातेय, महिनाभर खोली आवरणं चाललंय. १६० चौरस फुटांत तीन पिढ्यांनी काय काय साठवलंय ते आता कळतंय. माळ्यावर आजोबांची हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तात्या १९४३ साली महार पलटणीत भरती झाले. मी सहावीत असताना ते गेले, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं.

ट्रंकेत एक पितळी वाटी, वाळवीने खाल्लेले कागद आणि खाकी फडक्याच्या गाठीत दोन बिल्ले. एकावर भीमा कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' ही अक्षरं. दुसऱ्यावर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि मध्ये उभा खंजीर.

काकांचं म्हणणं, स्तंभाचा बिल्ला पलटणीचा नाहीच, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात स्टॉलवर मिळतो तसला असणार. मला पटत नाही. त्यावरची अक्षरं इतकी झिजलीत की डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. तात्यांच्या फोटोच्या चौकटीत एकच बिल्ला लावायचा असं घरात ठरलंय, म्हणून विचारते.

निवृत्त_हवालदार
जय भीम बेटा. स्तंभाचा बिल्लाही पलटणीचाच. मी २२ वर्षं महार रेजिमेंटमध्ये काढली, सागरच्या सेंटरला रंगरूट होतो तेव्हापासून हे ऐकतोय. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात पहिली पलटण उभी राहिली, तेव्हा टोपीवर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. तुझ्या दुसऱ्या बिल्ल्यावरच्या गन व्हिकर्स आहेत. पाण्याने थंड ठेवायची अवजड गन ती. गन एकाने उचलायची, तिवई दुसऱ्याने, गोळ्यांचे पट्टे आणि पाण्याचा डबा बाकीच्यांनी. एकट्याचं काम नव्हेच. बिल्ल्यावर तिवईसुद्धा आहे, उजेडात धरून बघ. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. पुढे आम्ही पायदळ झालो, व्हिकर्स कधीच्याच गेल्या, पण बिल्ल्यावर आजही त्याच आहेत. ब्रीद 'यश सिद्धी'.

काकांची शंका फेडायची तर बिल्ला पालथा कर. मागे सेफ्टी पिन डकवलेली असेल तर स्टॉलवरचा. टोपीत खोचायची उभी पट्टी नाहीतर दोन कड्या असतील तर टोपीवरचा. आणि ब्रासो लावू नकोस. रोज परेडच्या आधी पितळ घासायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. ती झीज तात्यांच्या हातची आहे, तिच्यावर दुसरा हात फिरवू नये.

परळची_वाचक
ताई, त्या स्तंभाला किंमत का, ते काकांना सांगा. १ जानेवारी १८१८ची कोरेगावची लढाई. स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी बांधला, हे खरंच आहे. पण त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावं 'नाक'ने संपतात, म्हणजे महार शिपायांची. गावाने ज्यांना वेशीच्या आत येऊ दिलं नाही त्यांची नावं तिथे दगडात आहेत.

आणि पुढे १८९२ साली इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली! बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. त्या घरांची भाकरीही पलटणीची आणि मानही पलटणीचा. एका हुकमाने दोन्ही गेलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा '१११ महार' ही पलटण उभी केली, युद्धानंतर मोडून टाकली. हे वाचताना मला आजही राग येतो.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला स्तंभापाशी गेले होते. १९४१मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, तेव्हा महार पलटणीसाठी त्यांनी जोर लावला. 'आम्ही लढलो होतो' ही जी साक्ष दगडावर होती, ती अशी टोपीवर आली. तुमच्या तात्यांनी ती टोपी घातली तेव्हा बंद दार उघडून दोनच वर्षं झाली होती. बाबासाहेबांचं घर, राजगृह, तुमच्या चाळीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. काकांना एकदा घेऊन जा, तिथेच सांगा.

माटुंग्याचा_शेजारी
दुसऱ्या बिल्ल्याबद्दल एक सांगू? मेजर रामास्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, माटुंग्याच्या एसआयईएस शाळेचे विद्यार्थी. २५ नोव्हेंबर १९८७ला श्रीलंकेत महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतून लढताना गेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आमच्या तमिळ घरात त्यांचं नाव निघालं की आजी हात जोडायची. त्यांच्या टोपीवर गन आणि खंजीरच होता. हा बिल्ला आमच्याही घरचा आहे असं मी मानतो.

नायगावची_नात
हवालदार काका, परळच्या ताई, माटुंग्याचे दादा, तिघांचे आभार. बिल्ला पालथा केला. उभी पट्टी आहे, टोकाला थोडी वाकलेली. काकांनी चष्मा लावून पाहिलं, मग बराच वेळ नुसता हातात धरून बसले. तात्या रविवारी दाराशी बसून काहीतरी घासायचे आणि आम्हाला लांब बसवायचे, ते आता त्यांना आठवलं.

चौकटवाल्याला फोन केलाय. चौकट दोन बोटं रुंद करून घेतोय, डावीकडे स्तंभ, उजवीकडे खंजीर. ते खाकी फडकं आईने न धुता ठेवलंय.